अलिफपासून पुन्हा



गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. नाव छापू नका असे त्यांनी लिहिले आहे, म्हणून छापत नाही. वय सत्तेचाळीस. दोन्ही मुली सासरी गेल्या, मुलगा नोकरीनिमित्त बाहेर. त्या लिहितात, "शाळेत असताना माझी वही वर्गात फिरायची. उशीच्या अभ्र्यांवरची नक्षी मी स्वतः काढायचे. आता पेन हातात धरते ते फक्त किराण्याची यादी करायला. परवा नातीने कागद पुढे केला, नानी, एक फूल काढून दे. मी म्हटले, मला नाही येत. ती म्हणाली, मग तुम्हाला काय येतं? लहान पोर ते. पण रात्री झोप लागली नाही."

पत्राला लगेच उत्तर देता आले असते. आम्हा शिक्षकांकडे सल्ल्यांचा तुटवडा कधीच नसतो. पण पत्र वाचता वाचता माझ्याच घरातली एक गोष्ट आठवली. ती न सांगता सल्ला दिला तर तो खोटा ठरेल.

माझे वडील कातिब होते. तरुण वाचकांना हा शब्द समजावून सांगायला हवा. मराठी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर तयार होई, उर्दूत तसे जमत नसे. नस्तालीक लिपीतले अक्षर शेजारचे अक्षर पाहून आपला आकार बदलते आणि शब्द उजवीकडून डावीकडे जाताना थोडा खाली उतरतो. तिचे खिळे पाडायचे प्रयत्न झाले, पण ते छापील रूप उर्दू वाचणाऱ्याच्या डोळ्याला कधी रुचले नाही. म्हणून रोजचे वर्तमानपत्र, पुस्तके, लग्नाच्या पत्रिका, मुशायऱ्याची पोस्टरे हे सगळे आधी कातिब हाताने लिहीत आणि मग ते छापायला जाई. चेन्नईहून 'मुसलमान' नावाचे एक उर्दू दैनिक १९२७ साली सुरू झाले. सगळीकडे संगणक आल्यावरही कित्येक वर्षे ते कातिबांच्या हातानेच लिहिले जात होते. अब्बा मुंबईच्या एका दैनिकात होते. दुपारी जेवून भिवंडीहून एसटीने ठाण्याला जायचे, तिथून लोकल, आणि परतायचे मध्यरात्रीनंतर. शेवटची गाडी चुकली तर तिथेच कागदाच्या गठ्ठ्यावर झोपायचे. सकाळी त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा काळा डाग असे. तो ईदच्या दिवशीसुद्धा पूर्ण निघत नसे.

मी नऊ वर्षांची असताना त्यांनी मला तख्तीवर बसवले. लाकडी पाटीवर मुलतानी मातीचा हात फिरवून ती उन्हात वाळवायची, शिसपेन्सिलीने ओळी आखायच्या आणि बोरूने लिहायचे. लिहून झाले की धुवायची, पुन्हा माती लावायची. पहिला महिना फक्त अलिफ. तो वर निमुळता, मध्ये किंचित भरलेला, खाली पुन्हा निमुळता आणि कुठेच पट्टीसारखा सरळ नाही. नुक्त्याचे माप त्यांनी तेव्हाच शिकवले. बोरूचे तिरपे टोक कागदावर टेकवून ओढले की चौकोनी ठिपका उमटतो. तोच ठिपका गज. नस्तालीकचा अलिफ साधारण तीन ठिपके उंच, सुलुस लिपीतला सातच्या आसपास. पेन जाड असो की बारीक, अक्षराचे माप त्याच पेनाच्या ठिपक्याने. बाहेरची पट्टी लागत नाही.

ही मापाची रीत इब्न मुकलाची, असे अब्बा सांगायचे. अब्बासी खलिफांच्या दरबारातला हा वजीर इ. स. ९४० मध्ये वारला. राजकारणात सापडून त्याचा उजवा हात तोडला गेला. इतिहासकार लिहितात की त्यानंतर तो दंडाला बोरू बांधून लिहीत असे. मला ही गोष्ट फार आवडायची. मी पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे, आणि अब्बा दर वेळी बोरू दंडाला टेकवून करून दाखवायचे.

मग संगणक आला. लाहोरमध्ये १९८१ साली नूरी नस्तालीक नावाचा टंक वापरून वर्तमानपत्र निघू लागले होते. त्यासाठी मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडआकार स्वतःच्या हाताने लिहिले होते, म्हणजे यंत्राच्या पोटातसुद्धा एका कातिबाचाच हात होता. १९९४ मध्ये आपल्याकडे इनपेज आले आणि दोन-तीन वर्षांत उर्दू छपाईचे चित्र बदलले. अब्बांच्या दैनिकात कातिबांच्या बैठकीच्या जागी दोन टेबले आली. मी दहावीत होते. एका संध्याकाळी अब्बा वेळेआधी घरी आले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ते बोरू ठेवत. तो डबा त्यांनी अम्मीच्या जुन्या ओढणीत गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. मी विचारले, "अब्बा, रविवारी जीम शिकवणार होता ना?" ते म्हणाले, "आता याचा काही उपयोग नाही, बेटा. अभ्यास कर."

दुसऱ्या महिन्यापासून ते एका लूमच्या कारखान्यात हिशेब लिहू लागले.

त्यांनी ते रागाने म्हटले नव्हते. मुलीने पोटापाण्याचे काही शिकावे, एवढेच त्यामागे होते. पण मी त्यातून भलताच धडा घेतला. ज्याचा उपयोग नाही ते करायचे नाही. त्यात आठवीत दिलेल्या एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेची भर. चार पेपर असत : वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती-अक्षरलेखन. वस्तुचित्रात माझा तांब्या एका बाजूला कलला. निकालात 'सी' श्रेणी आली आणि तेव्हाच्या शिक्षकांनी पूर्ण वर्गासमोर सांगितले, "तुझा हात लाकडाचा आहे." त्यानंतर मी बीएड केले, उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवू लागले, पंचवीसेक वर्षे फळ्यावर लिहिले. हात लाकडाचा आहे हे कुणाला सांगायची वेळच आली नाही.

वर्गातले निरीक्षण सांगते. पहिलीच्या वर्गात जाऊन "चित्र कोणाला काढता येते?" असे विचारा. सगळे हात वर. काही मुले दोन्ही हात वर करतात. सातवीत हाच प्रश्न विचारला की दोन-तीन हात वर होतात आणि बाकीची मुले त्या दोघा-तिघांकडे बोट दाखवतात. मधल्या सहा वर्षांत मुलांच्या बोटांना काही झालेले नसते. शेजारच्या वहीत पाहायला ती शिकलेली असतात, एवढेच. आणि ते शिकवण्यात आमचाही हात असतो. मीसुद्धा मुलांच्या हस्ताक्षरावर 'गचाळ' असा शेरा लाल शाईने मारलेला आहे. एकदा नाही, अनेकदा.

तीन वर्षांपूर्वी अब्बांना लकव्याचा झटका आला. अम्मी आधीच अल्लाहला प्यारी झाली होती, भाऊ आखातात. अब्बांना आम्ही आमच्या घरी आणले. बोलणे सात-आठ महिन्यांत बरेच सुधारले. उजवा हात मात्र गेल्यातच जमा. चमचा धरता येतो, पण सांडतो. त्यांच्या सामानात तो बिस्किटांचा डबा आला.

मी तो उघडला रमजानच्या आधी, घर आवरताना. आत सात बोरू, काळी मूठ असलेली कलमतराश म्हणजे बोरू तासायची सुरी, कत मारताना बोरूखाली ठेवायची हाडाची लहान पट्टी, आणि एक दौत. दौतीत रेशमी धाग्यांचा बोळा वाळून दगड झालेला. हा बोळा शाई धरून ठेवतो, त्यामुळे बोरू जास्त शाई उचलत नाही आणि टोक दौतीच्या तळाला आपटत नाही. सगळ्याच्या खाली घड्या घातलेले कागद होते. मला वाटले, दैनिकातले जुने काम असेल. उलगडले तर कॅलेंडरची पाने. २००३ चे, २००६ चे. त्यांच्या कोऱ्या समासांत, तारखांच्या चौकटींत, जिथे जागा मिळाली तिथे अलिफ, बे, जीम, दाल. पुन्हा अलिफ. काम सुटून सात-आठ वर्षे झाल्यानंतरचे कागद होते ते. "याचा काही उपयोग नाही" म्हणणारा माणूस आम्ही झोपल्यावर तेच करत होता, आणि घरात कुणालाही पत्ता नव्हता.

अब्बांना मी काही विचारले नाही. एक बोरू घेतला आणि स्वयंपाकघरात बसले.

पहिले तीन आठवडे भयंकर गेले, हे स्पष्टच सांगते. नऊ वर्षांच्या वयात काढलेला अलिफ आता येईना. डोळ्याला सगळे कळत होते, हाताला काहीच नाही, आणि मोठ्या वयात पुन्हा सुरुवात करणाऱ्याची हीच खरी अडचण असते. लहान मुलाची नजर आणि हात बरोबरीने वाढतात. आपली नजर मात्र चाळीस वर्षांची होऊन बसलेली असते आणि हात नऊ वर्षांचाच राहिलेला. स्वतःचे काम पाहून लाज वाटते. बहुतेक जण इथेच सोडतात आणि म्हणतात, माझ्यात ते नाहीच. मी चौथ्या दिवशी सोडले होते. सातव्या दिवशी पुन्हा बसले ते एवढ्यासाठीच की कॅलेंडरच्या त्या पानांवरचेही सगळे अलिफ चांगले नव्हते. तीस वर्षे काम केलेल्या कातिबाचेसुद्धा एका ओळीतले दोन-तीन वाकलेले होते, आणि त्यांनी त्यावर काट मारली नव्हती. पुढचा लिहिला होता.

अब्बा पलंगावरून पाहत. बोलत नसत. पाहून तोंड फिरवत असेही मला एक-दोनदा वाटले. एका रविवारी मी वैतागून कागद चुरगळला तेव्हा म्हणाले, "हात नाही, कत चुकलाय."

कत म्हणजे टोकावरचा शेवटचा काप. बोरू आधी तिरपा छेद देऊन उघडतात, मग दोन्ही बाजू तासून निमुळत्या करतात, शाई उतरावी म्हणून मधोमध एक चीर देतात आणि शेवटी हाडाच्या पट्टीवर ठेवून एका घावात टोक तिरपे कापतात. मी त्यांचाच जुना, टोक झिजलेला बोरू जसाच्या तसा वापरत होते. त्यांनी सुरी मागवली. डाव्या हातात घेतली, बोरू उजव्या हातात धरायचा प्रयत्न केला. तो घरंगळून चादरीवर पडला. काही क्षण आम्ही दोघेही बोललो नाही. मग त्यांनी सुरी माझ्या हातात दिली. "मी सांगतो. तू काप."

दोन बोरू मी फुकट घालवले. एकाची चीर वरपर्यंत फाटत गेली, दुसऱ्याचा कत दोन घावांत झाला आणि टोकाला दात पडले. त्यांचे तीस वर्षांपूर्वीचे बोरू ते. मला रडू येत होते. अब्बा शांतपणे म्हणाले, "अजून पाच आहेत." तिसरा जमला. त्याने काढलेली पहिली रेघ पाहून मला कळले की मी तीन आठवडे उगाच स्वतःला दोष देत होते.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनींसाठी आणि इतरांसाठी थोडे कामाचे.

बोरू मिळाला नाही तर अडून बसू नका. दोन शिसपेन्सिली एकमेकींना चिकटवून रबरबँडने बांधा. त्यांची दोन टोके म्हणजे जाड बोरूच्या दोन कडा. त्याने काढलेले अक्षर पोकळ दिसते, पण चूक कुठे झाली ते त्यात बोरूपेक्षाही लवकर कळते. आइस्क्रीमच्या काडीचे टोक तिरपे कापून तिने शाईत लिहिता येते. बांबूचे तयार बोरू मुंबईत मोहम्मद अली रोडच्या बाजूला किताबांच्या दुकानांत मिळतात. साधा वहीचा कागद शाई पितो आणि कडा फुटतात, म्हणून गुळगुळीत कागद हवा. आपल्या घरी लग्नपत्रिकांचा ढीग असतोच. त्यांच्या कोऱ्या पाठी उत्तम. (कॅलेंडरच्या पाठीला हल्ली आरोग्य आणि पाककृती छापतात. अब्बांना समासात का लिहावे लागले ते आता समजते.)

सरावासाठी आयती किंवा पवित्र नावे लिहू नका. सरावाचे कागद शेवटी इकडे तिकडे पडतात, आणि मग रद्दीत टाकतानाही जीव धजत नाही. कातिबांची रीतच अशी होती की आधी सुटी अक्षरे, ज्यांना ते मुफरदात म्हणत. मग दोन-दोन अक्षरांचे जोड, म्हणजे मुरक्कबात. पूर्ण ओळ फार नंतर. एका बैठकीत एकच अक्षर, आणि वेळ पंधरा मिनिटे. मी फजरनंतर बसते, कारण त्या वेळी घरात कुणाला माझ्याकडून काही नको असते. तुमच्या घरात ती वेळ दुपारची असेल. तारीख घाला आणि कागद जपून ठेवा. रोज पाहू नका, महिन्याने पाहा.

उर्दू लिहिता येत नाही अशी आपल्यात अनेक घरे आहेत. त्यांनी देवनागरी घ्यावी. आपल्या मराठीतही बोरूची मोठी परंपरा आहे. जुन्या शाळांतून मुले बोरूने कित्ता गिरवीत. मोडी लिहिणारे कारकून आधी कागदभर रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जात. मराठीची शिक्षिका म्हणून मला गंमत वाटते ती शब्दांची. दौत, कलम, कागद, शाई हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आले. कित्तासुद्धा. तो अरबी 'कित्आ'वरून आला, आणि खुशनवीस मंडळी आपल्या सुंदर अक्षराच्या एकेका तुकड्याला कित्आच म्हणतात. मराठी शाळेतला मुलगा कित्ता गिरवायचा आणि मदरशातला मुलगा तख्तीवर मश्क करायचा, तेव्हा दोघांच्या हातात तासलेला बोरूच असे. माझ्या वर्गात मी आता हे सांगते आणि मग मुलांना पेन्सिलींची जोडी बांधायला लावते. लाल शेरा बंद केला आहे. पूर्ण बंद झाला असे म्हणणार नाही, पण बराच कमी झाला आहे.

अक्षरात ज्यांना गोडी नाही त्यांनी कंपासपेटी उघडावी. ही युक्ती शाळेत प्रत्येकाने केलेली असते आणि प्रत्येक जण विसरलेला असतो. एक वर्तुळ काढा. कर्कटकातले अंतर तसेच ठेवून परिघावर टोक टेकवा, कंस काढा, तो परिघाला जिथे छेदेल तिथे पुन्हा टेकवा. बरोबर सहा वेळात तुम्ही सुरुवातीच्या बिंदूवर परत येता, कारण त्रिज्येएवढी जीवा वर्तुळात नेमकी सहा वेळा बसते. मध्ये सहा पाकळ्यांचे फूल उमटलेले असते. नातीने मागितलेले फूल हेच. ते सहा बिंदू एक सोडून एक जोडले की दोन त्रिकोण होतात, त्यांचा सहा टोकांचा तारा. शेजारी शेजारी अशी वर्तुळे काढत गेलात तर कागदभर जाळी पसरते. आपल्या मशिदींच्या आणि मकबऱ्यांच्या जाळ्या पाहताना आपण "किती बारीक काम!" म्हणून पुढे जातो. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, बीबी का मकबरा पाहायला गेलात तर दिलरस बानू बेगमच्या कबरीभोवतीच्या अष्टकोनी संगमरवरी जाळीपाशी थोडे थांबा. अशा नक्षीच्या मुळाशी पट्टी आणि कर्कटकच असते. एकदा स्वतः सहा पाकळ्या काढलेल्या असल्या की डोळा आपोआप वर्तुळाची मध्ये शोधू लागतो.

आमच्या इमारतीत एक आपा आहेत. चाँदरातीला जिन्यापर्यंत त्यांच्याकडे मेहंदीसाठी रांग लागते. कागदावर न काढता, न खोडता, थेट दुसऱ्याच्या तळहातावर कोनाने वेल सोडतात, आणि ती मनगटाशी नेमकी जागेवर येऊन थांबते. त्यांना मी कर्कटक दाखवले तर म्हणाल्या, "छे गं, मला कुठे चित्रकला येते!" मी म्हटले, "आपा, मागच्या ईदला किती हात काढले?" त्यांनी मोजले. चौतीस. मग स्वतःच हसू लागल्या. आता त्या आठ पाकळ्यांपर्यंत पोचल्या आहेत आणि मला विचारतात, पाचाचे कसे करायचे? पाचाचे अवघड आहे. मला अजून नीट जमलेले नाही.

चित्रांतल्या जाइझ-नाजाइझबद्दल काही वाचक विचारतील. तो प्रश्न आपापल्या आलिमांना विचारावा, माझा तो अधिकार नाही. अक्षर, वेल, फूल आणि भूमिती एवढ्यातच एका आयुष्याला पुरेल इतके काम आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि तो घरातूनच येतो. "याचा उपयोग काय?" माझ्या नणंदेने विचारला, मुलाने विचारला. यूट्यूबवर टाकणार का, ऑर्डर घेणार का, असेही विचारून झाले. बाईमाणूस पंधरा मिनिटे कशाचाही हिशेब न देता बसली तर घराला चुकल्यासारखे वाटते. मला यावर चांगले उत्तर सापडलेले नाही. मी एवढेच म्हणते की तुम्ही पंधरा मिनिटे फोन पाहता, त्याचा उपयोग मी विचारला का? हे उत्तर चांगले नाही, भांडखोर आहे. पण तेवढ्याने पंधरा मिनिटे निघतात.

पण एका रात्री अब्बांनाच विचारले. कॅलेंडरची पाने मी पाहिली आहेत हे त्यांना तोवर सांगितले नव्हते. म्हटले, "अब्बा, मला म्हणालात उपयोग नाही. मग २००६ मध्ये कशासाठी लिहीत होतात?" ते बराच वेळ गप्प राहिले. मला वाटले रागावले. मग म्हणाले, "दिवसभर आकडे लिहायचो ना. हाताला वाईट वाटायचं." आणि थोड्या वेळाने, "तुला तेव्हा शिकवायला हवं होतं. मला वाटलं, तुला शिकवलं तर तू माझ्यासारखी अडकशील." मी काही बोलले नाही. बोलण्यासारखे बरेच होते, पण इतक्या वर्षांनी ते काढायचे तरी कशाला, असे वाटले. त्यांच्या पायांना तेल लावून दिले आणि दिवा घालवला.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर हाक आली. पाहते तर उजव्या हाताच्या मुठीत बोरू धरून बसलेले, आणि डाव्या हाताने घरातला मोठा रुमाल त्या मुठीभोवती गुंडाळायचा प्रयत्न चाललेला. "बांध," म्हणाले. "इब्न मुकला!" असे म्हणून मी हसले. तेही हसले, अर्धा चेहरा अजून नीट हलत नाही त्यांचा. मी रुमाल बांधला. त्यांनी एक अलिफ काढला. वाकडा आला. पाच नुक्त्यांचा झाला, तीनचा नाही. दुसरा काढला नाही, थकले. कागदाच्या कोपऱ्यात मी तारीख घातली आणि तो माझ्या कागदांत ठेवला.

त्यानंतर ते रोज लिहितात असे नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी. डॉक्टरांनी बोटांचे जे व्यायाम सांगितले आहेत ते करायला मात्र रोज कुरकुर करतात. माझे लिखाण ते रोज तपासतात, न चुकता, चष्मा लावून. सध्या मी जीमवर आहे. डोके जमते, पोटाचा गोल खाली आला की ढेपाळतो. काल सोळा काढले. अब्बांनी एकावर बोट ठेवले, बाकीचे पंधरा बाजूला सारले आणि चहा मागितला.